वारा आमच्याकडे नव्हता

दादांच्या बागेवर ती फवारणी मी केली. शेजाऱ्याच्या शेतातून औषध उडून आलेलं नव्हतं. हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही, बायकोजवळही नाही. आता कागदावर उतरवताना ते दोन ओळींत संपलं, याचाच राग येतो आहे. एवढ्याशा गोष्टीसाठी मी एका माणसाला खोटा ठरवून ठेवला, आणि अजून ठेवलाच आहे.

मी कमी बोलणारा. नात्यागोत्यात माझी ख्याती तशीच आहे की हा कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. लोक त्याला सज्जनपणा म्हणतात. मीही कधी दुरुस्ती केली नाही.

दादा म्हणजे माझे थोरले भाऊ. वडील लवकर गेल्यामुळे माझ्यासाठी भावापेक्षा जास्तच. ते वीज खात्यातून निवृत्त झाले. जबलपूरहून निघून तिलवाऱ्याचा पूल ओलांडून नागपूर रस्त्यानं थोडं पुढे गेल्यावर आत वळलं की त्यांची जमीन होती. नोकरीत असताना कधीतरी घेऊन ठेवलेली, मुरमाड, उताराची. काळ्या मातीच्या त्या पट्ट्यात तिला कोणी विचारत नव्हतं. सगळे म्हणाले, प्लॉट पाडा. दादांनी द्राक्षं लावली. तीही खायची नाहीत, वाइनची: बारीक, काळी, जाड सालीची, आत बियाच बिया. कौतुकानं तोंडात टाकली तर माणूस थुंकून टाकतो. इंदूरकडच्या एका लहानशा वाइनरीशी त्यांनी बोलणी केली होती. उतारावर पाणी थांबत नाही, मुरमात वेल जोर करत नाही, आणि वाइनच्या द्राक्षाला असा अर्धपोटी वेलच लागतो, हे ते कोणालाही पकडून समजावत. स्वतः त्यांनी वाइनचा थेंब कधी चाखला नव्हता.

शेजारच्या शेताचा मालक त्यांना यावरूनच छळायचा. आमच्याहून कितीतरी मोठा जमीनदार माणूस, दोन ट्रॅक्टर, आवाज असा की बांधावरून बोलला तरी रस्त्यावर ऐकू जावं. त्याच्याकडे हिवाळ्यात आमच्या बाजूच्या वावरात मटार आणि त्याला लागून गहू. तो बांधाशी येऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, "बड़े भैया, भट्टी कब चढ़ेगी? हम तो गिलास धो के बैठे हैं."

दादा म्हणायचे, "पहले अपने मटर की दारू बना लो."

"मटर की बना दें, मगर बेचने आप जाना. आपकी शकल पे कोई शक नहीं करेगा."

दादा हसायचे. या माणसाइतकं त्यांना दुसरं कोणी हसवलेलं मला आठवत नाही.

दादांच्या बागेची शिस्त कडक होती. वाइनरीनं काही बागा वेगळ्या काढल्या होत्या. तिथं वेलाच्या अंगात भिनणारं औषध नाही, तणनाशक नाही. अशी सलग काही वर्षं स्वच्छ काढली की त्या बागेच्या वाइनला निराळं नाव आणि बागवानाला कायमचा करार. मी सांगतो आहे ते दादांचं त्या मोजणीतलं शेवटचं वर्ष होतं. पावसाळ्यात ते दोन ओळींच्या मध्ये ताग पेरत आणि फुलावर आला की तो तिथंच आडवा करून ठेवत, म्हणजे जमीन झाकली जाते, ओल टिकते, तण दबतं. छाटणीच्या काड्या बाहेर फेकायच्या नाहीत, तुकडे करून वेलाच्याच बुडाशी टाकायच्या. काढणी झाली की धनगराच्या मेंढ्या आत सोडायच्या. घडांची गर्दी झाली की अर्धे घड कापून खाली पाडायचे. हे पाहताना मजूर बायका हळहळत, आणि खरं सांगायचं तर मीही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पानं. सकाळचं ऊन ज्या बाजूनं येतं त्या बाजूची घडांजवळची पानं हातानं काढायची. घडाला हवा लागली पाहिजे, उजेड लागला पाहिजे, मग भुरी धरत नाही. भुरी म्हणजे मण्यावर राख फासल्यासारखी पांढरी बुरशी. एकदा बसली की मणी तडकतो आणि वाइनला कुबट वास येतो.

मला हे सगळं सोवळ्यासारखं वाटायचं. मी सुटीच्या दिवशी मदतीला जायचो आणि मनात म्हणायचो, औषधाच्या एका बाटलीत होणाऱ्या कामाला एवढी माणसं कशाला? म्हणालो मात्र कधीच नाही.

आता शेजाऱ्याचं. भुरी मटारलाही येते, आणि त्यावर मारायचं औषध तेच, जे इतर द्राक्षबागांत मारतात आणि दादांच्या बागेत वर्ज्य होतं. गव्हात बथुआचं तण माजतं, त्याला तणनाशक मारतात. ते द्राक्षाच्या पानाला नुसतं हुंगायला मिळालं तरी पान वाकडं होतं. दोन शेतांच्या मध्ये एक बांध, एवढंच अंतर. दादांनी पहिल्या हिवाळ्यातच त्याला हे सांगितलं. तेव्हा त्यानं बांधावर एक लांब बांबू रोवला आणि त्याला आपला गमछा बांधला. म्हणाला, "जिधर ये उड़े, उधर हवा. आपकी तरफ़ उड़ेगा तो पंप नहीं चलेगा. ज़बान है."

आणि खरंच नाही चालला. फवारणीच्या दिवशी सकाळी तो हाक मारायचा, "बड़े भैया, गमछा देख लो." दादा पाहून हात हलवत, मग पंप सुरू व्हायचा. गमछा आमच्याकडे फडफडत असला की त्याचे मजूर बसून राहायचे. गव्हाचा आमच्या बाजूचा पट्टा तर तो तणनाशकाऐवजी माणसं लावून निंदून घ्यायचा. लोक त्याला हसायचे. तो म्हणायचा, "क्या करें, शराबी से यारी हो गई."

त्या जानेवारीत वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. नागपूरला करायचं ठरलं, तिकडं त्यांचं माहेर. दादा जाताना मला बागेत घेऊन गेले.

"ढग आले तर पहिले पानं काढून घे," ते म्हणाले. "बायका सांगून ठेवल्या आहेत. मग गंधक. गंधकाशिवाय काहीच नाही. समजलं?"

"समजलं."

"काहून रे असा पाहून राहिला?"

"काही नाही दादा. तुम्ही जा निश्चिंत."

दादा गेल्यावर ढग आले. मावठ्याचे, दिवसभर लोंबकळणारे, ना धड पाऊस ना ऊन. बायकांना बोलवायचं होतं. मी उद्यावर ढकललं. ड्यूटी होती, आणि मग एक लग्न होतं, आणि लग्नाला मी हौसेनं गेलो. पानं काढायची राहिली. पुढच्या रविवारी बागेत गेलो आणि एक पान बाजूला केलं, तर आतल्या घडावर पांढरं. दुसरं केलं, तिथंही. दाट पानांआड बुरशी मजेत बसली होती. गंधक मागवायचं, बायकांना हाका मारायच्या, आहे ती पानं काढायची, लागलेले घड कापून काढायचे, असं सगळं अजून करता आलं असतं. थोडा माल गेला असता, बाग वाचली असती. मग दादांना सांगावं लागलं असतं की तुम्ही सांगितलेलं एकच काम मी केलं नाही.

मी स्कूटर काढली आणि सिहोऱ्याला गेलो. शहर ओलांडून पार उत्तरेला, दुसऱ्याच गावी. तिलवाऱ्याकडचे दुकानदार दादांना ओळखत होते, म्हणून. सिहोऱ्याच्या दुकानदारानं विचारलं, "मटर में मारना है?" मी म्हणालो, "हाँ, मटर में." तिथून खोटं सुरू झालं. पहिलं खोटं अनोळखी माणसाला बोलायचं होतं, म्हणून ते किती सहज गेलं.

दुपारी परत येऊन मी पाठीवर पंप घेतला आणि एकट्यानंच मारत सुटलो. मधल्या ओळींत भुरी जास्त होती, तिथं भरपूर मारलं. बांधाकडच्या ओळी उघड्यावर, वाऱ्यावर, त्यांना काही झालेलं नव्हतं, म्हणून त्या सोडून दिल्या. हे लक्षात ठेवा.

बांधावरून आवाज आला, "छोटे, का मार रये हो?"

"गंधक," मी म्हणालो.

तो काही वेळ उभा राहिला. गंधक मारलं की सगळं शिवार घाण वास मारतं. त्या दिवशी तसा वास नव्हता. त्यानं नाक वर केलं, मला दिसलं. मग बांबूकडं पाहिलं. गमछा आमच्या दिशेनं ताणला होता.

"हवा तो तुम्हारी तरफ़ है," तो म्हणाला. "हम तीन रोज से रुके बैठे हैं, मटर सफ़ेद हो रई है. चलो, आज भी नहीं मारते. भैया आएँगे तो बोलना, याद करते हैं."

एवढं बोलून तो गेला. त्याचा मटार पांढरा होत होता, आणि तो आमच्यासाठी थांबला होता. पुढे वारा फिरला, आमच्यापासून दूर, नर्मदेच्या बाजूला गेला, तेव्हा त्यानं फवारलं. मला माहीत होतं, कारण त्या सकाळीही त्यानं सवयीनं हाक मारली होती आणि दादांच्या जागी मीच हात हलवला होता.

भुरी गेली. दादा परतले, घड पाहिले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "शाबास," म्हणाले. "पानं जरा कमी काढली, पण बाग सांभाळली तू." मी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणालो.

मला वाटलं होतं, काढणीपर्यंत औषध उतरून जाईल. काढणीच्या आधी वाइनरीकडून एक तरुण तपासनीस बाई आली. बागभर नागमोडी फिरली, इथून थोडे, तिथून थोडे घड घेऊन गेली. मी कारखान्यात, तपासणी विभागातच नोकरीला. नमुना काढायचा आणि त्यावरून अख्खा लॉट पास किंवा नापास करायचा, यात माझा जन्म गेला. तिला नमुने काढताना पाहून मला कळलं होतं की ती काम नीट जाणते. त्या रात्री मला झोप लागली. तेही सांगून टाकतो.

निकाल दादांच्या फोनवर आला. नको ते औषध सापडलं होतं. त्यांनी तिला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. ती नम्रपणे बोलत होती. हा माल स्वच्छ बागेचा म्हणून घेता येणार नाही, साध्या मालाची यंदाची खरेदी भरली आहे, वर्षांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल, वाईट वाटतं. मग म्हणाली, "आजूबाजूला कोणी मारलं होतं का सर? कधीकधी उडून येतं."

दादा फोन ठेवून मोटारीच्या पंपाच्या खोलीपुढच्या ओट्यावर बसले. वाइनची द्राक्षं बाजारात कोणी घेत नाही. तो सगळा माल वेलांवर होता, काळाभोर, पिकलेला, आणि त्याचं काहीच करता येत नव्हतं.

शेजारी तेवढ्यात स्वतःच आला. काढणी कधी, ट्रॅक्टर लागेल का, विचारायला. दादांनी त्याला बसवलं, चहा दिला आणि निकाल सांगितला. आवाज न चढवता विचारलं, "आपने इस बीच मटर में मारा था?"

"मारा था. हवा देख के मारा था, हमेशा जैसा." त्यानं माझ्याकडं पाहिलं. "छोटे थे यहाँ."

इथं आमच्या घराची एक सवय सांगायला हवी. जबलपुरातल्या आम्हा मराठी लोकांची ती जुनी खोड आहे. बाहेर हिंदी, घरात मराठी, आणि परक्यासमोर घरातलं बोलायचं असलं की तिथल्या तिथं मराठी. भाजीवाल्यासमोर भाव ठरवायचा असो, खोली भाड्यानं मागायला आलेल्यांसमोर मत द्यायचं असो, आम्ही बिनधास्त मराठीत बोलतो, समोरचा जणू भिंत. त्याला तोंडावर नावं ठेवायची आणि त्याच्याकडं पाहून हसायचं. लहानपणी आम्हाला यात मोठी गंमत वाटायची.

दादा माझ्याकडं वळले आणि मराठीत म्हणाले, "खरं सांग. तू होता तेव्हा. यानं मारलं त्या दिवशी वारा कुठं होता?"

शेजारी बशीत चहा ओतून घेत होता. त्याची नजर माझ्यावरच होती.

मी मराठीत म्हणालो, "आपल्याकडे होता दादा. मी पाहिलं. मी त्याला थांबवायला पाहिजे होतं, पण हे लोक ऐकतात थोडेच."

शेवटच्या वाक्याची काहीच गरज नव्हती. मला तेच जास्त छळतं. पहिलं खोटं भीतीनं बोललो. हे दुसरं आपलेपणा दाखवायला बोललो, आम्ही दोघं मराठी आणि तो बाहेरचा, अशी रेघ ओढून. 'हे लोक'. ज्यानं आमच्यासाठी आपलं पीक पांढरं होऊ दिलं, तो माणूस.

त्यानं बशी खाली ठेवली. चहा तसाच होता.

"अच्छा," तो म्हणाला. "हवा इधर की थी." मग दादांकडं वळून हळू बोलला, त्याचा तसा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "बड़े भैया, इतने साल बांध पे खड़े आपकी बोली सुनी है. थोड़ी-थोड़ी तो हमको भी आ गई. आपको छोटे की बात पे भरोसा है?"

दादा गोंधळले. शरमलेही असतील. पण भाऊ म्हणजे भाऊ. म्हणाले, "वो झूठ क्यों बोलेगा?"

तो माझ्याकडं पाहत राहिला. तो वाट पाहत होता, हे मला तेव्हाही कळत होतं. सिहोऱ्याची बाटली त्यानं पाहिलेली नव्हती, पण वास नसलेली फवारणी त्यानं पाहिली होती, आणि ते त्याला तिथंच म्हणता आलं असतं. म्हणाला नाही. मी बोलावं, म्हणून त्यानं जागा सोडली होती. मी पायातल्या चपलेशी चाळा करत बसलो.

"ठीक है," तो म्हणाला आणि उठला. जाताना बांबूवरचा गमछा सोडून त्यानं खांद्यावर टाकला.

"याला मराठी समजते?" दादा म्हणाले. "आपण काय काय बोलून राहिलो असू इतकी वर्षं."

संध्याकाळी दादांचं मन त्यांना खाऊ लागलं. त्यांना तो माणूस खोटा वाटेना. ते म्हणाले, "एक करू. त्या बाईला पुन्हा बोलावू. ओळीवार नमुने घ्यायला लावू. बांधाकडून उडून आलं असलं तर बांधाच्या ओळींत जास्त निघेल, आत कमी होत जाईल. उलटं निघालं तर मी स्वतः जाऊन त्याची माफी मागीन."

उलटंच निघालं असतं. बांधाच्या ओळी मी सोडल्या होत्या.

मी माझी सगळी नोकरी पणाला लावून बोललो. "दादा, माझा हा रोजचा धंदा आहे. लॉट एकदा नापास झाला की झाला. पुन्हा नमुना मागणं म्हणजे त्यांच्या तपासणीवर संशय. आधीच नाव खराब झालंय, काहून अजून शोभा करून घेता? आणि औषध एका वेलातून दुसऱ्यात सरकतं, ओळीवार काही कळत नसतं." शेवटचं तर मी तिथंच बसून रचलं.

दादांनी मान हलवली. "तुला यातलं कळतं," म्हणाले. त्यांनी फोन बाजूला ठेवला.

माल आम्ही तोडून ओळींच्या मध्ये टाकला. मजूर बायका येऊन पिकलेले घड खाली पाडत होत्या, आणि आठवडाभर सगळ्या बागेत आंबूस, दारूसारखा वास होता. त्यावर विनोद करायला बांधावर कोणी आलं नाही.

दादा हट्टी. त्यांनी एप्रिलची छाटणी केली, पावसात ताग पेरला, ऑक्टोबरची छाटणी केली. पुन्हा पहिल्यापासून मोजू, म्हणाले. वेल छान फुटले. डिसेंबरात शेजारच्या गव्हात तणनाशक पडलं. बांबू नुसता उभा होता, त्यावर काही नव्हतं. हाक आली नाही. लागून असलेला पट्टा माणसं लावून निंदणं तर सोडाच. त्याच्या मजुरांनी सगळीकडे मारतात तसं सगळीकडे मारलं.

काही दिवसांत आमची पानं बदलली. कोवळी पानं पंख्यासारखी चुरगळून आली, शिरा एकमेकींना चिकटलेल्या, कडा दातेरी. शेंडे आकड्यासारखे वळले. फुलोरा गळून गेला. दादा एका ओळीच्या तोंडाशी उभे राहिले आणि मला म्हणाले, "पाहून घे. मागच्या वर्षी मला जरा शंका होती. आज गेली. माणूस असाच निघाला शेवटी."

त्यानं सूड घेतला का? मला नाही वाटत. आधी तो वारा फिरण्याची वाट पाहायचा, आता पाहणं सोडलं. कोणासाठी पाहावं, असं काहीच त्याच्याकडं उरलं नव्हतं. पण दादांना पुरावा मिळाला, माझं खोटं खरं झालं, आणि मला, लिहायला लाज वाटते, त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं.

वेल पुढच्या वर्षीही सावरले नाहीत. दादांनी मशीन बोलावून बाग उपटली. तारा आणि खांब भंगारवाल्यानं नेले. तेव्हापासून ते तिलवाऱ्याच्या पुलापलीकडे गेलेले नाहीत. नागपूरला जायचं तर रेल्वेनं जातात.

आता ते शहरातल्या राइट टाउनच्या घरात असतात. कोजागिरीला, गणपतीत, चार माणसं जमली की कोणीतरी द्राक्षांचा विषय काढतं, आणि दादा ती गोष्ट सांगतात. गमछ्यापासून सुरुवात करतात. चांगली सांगतात. शेवटी म्हणतात, "हा होता ना तिथं. विचारा याला. वारा कुठं होता?" मग सगळे माझ्याकडं पाहतात आणि मी मान हलवतो. मसाला दूध हातात असतं. कोणीतरी म्हणतं, "ते लोक तसेच." ते वाक्य मीच या घरात आणलं आहे. दर वेळी मान हलवताना मी त्या माणसाला पुन्हा एकदा खोटा करतो, आणि तो तिकडं आपल्या वावरात काहीतरी करत असतो, त्याला पत्ताही नसतो.

या दिवाळीआधी तो मला कमानिया गेटजवळ भेटला. नातीच्या लग्नाचा बाजार करत होता, सोबत घरातल्या बायका. केस पांढरे झालेले, आवाज तोच. मी गर्दीत वळून निघणार होतो.

"छोटे."

"जी, नमस्ते."

"बड़े भैया कैसे हैं?"

"ठीक हैं. शुगर है थोड़ी."

त्यानं बायकांना पुढच्या दुकानात धाडलं. मग विचारलं, "बताया उनको?"

मी बाजूच्या दुकानातल्या पणत्यांकडं पाहू लागलो.

"हमको लगा था, साल-दो साल में बता दोगे. फिर लगा, भैया बीमार-वीमार होंगे तब बताओगे." तो हसला, पण बांधावर हसायचा तसा नाही. "हमारे लड़के आज भी कहते हैं, उस दिन वहीं बोल देना था. हमने कहा, भाई-भाई का मामला है, बीच में हम काहे पड़ें. अपने मुँह से बोलेगा. अब लगता है, गलती हो गई. बोल ही देना था."

"मैं..." मी म्हणालो.

"रहने दो," तो म्हणाला. "हमको बोल के का होगा. हमको तो पता ही है." आणि बायकांनी बांगड्यांचा रंग विचारायला हाक मारली, तसा तो गेला. नातीच्या लग्नाची पत्रिका त्याच्या पिशवीत होती, वरचा लाल कोपरा दिसत होता. त्यानं ती काढली नाही. काढावी अशी अपेक्षा कशी करणार.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "चेहरा काहून असा?" मी म्हणालो, गर्दी होती.

दादांचा माझ्यावर विश्वास आहे. मी बोललो की तो जाईल, आणि या वयात त्यांना दुसरं काही उभं करता येणार नाही, बागही नाही आणि भाऊही नाही. हे कारण मी स्वतःला इतक्या वेळा दिलं आहे की ते खरंच वाटायला लागतं. पण मी गप्प बसलो ते त्यांना वाचवायला नव्हे. 'वो झूठ क्यों बोलेगा' असं माझ्याबद्दल म्हणणारा जगात एकच माणूस आहे, आणि तो मला गमवायचा नाही.

मला दादांसमोर बसून, मराठीत, सांगायचं आहे की फवारणी मी केली, पानं मी काढली नाहीत, वारा आमच्याकडे नव्हता, आणि ओळीवार नमुने मीच घेऊ दिले नाहीत. मग दादांना घेऊन त्या माणसाच्या दारात जायचं आहे आणि तेच त्याच्या मुलांसमोर हिंदीत सांगायचं आहे. आणि पुढच्या कोजागिरीला दादांच्या घरी जमलेल्या सगळ्यांना सांगायचं आहे. यातलं मी अजून काहीही केलेलं नाही.